एका खांद्याची किंमत
(मैदानाबाहेरचा खेळ : लेखांक ९)

या आठवड्यात ड्राफ्टबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या रविवारी. मध्येच कोल्हापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. ते लिहितात, ‘सर, सॅन दिएगो चार्जर्सनी २००५ मध्ये ड्रू ब्रीसला फ्रँचाइझ टॅग लावला, सुमारे ८० लाख डॉलर मोजले, पण त्याला जाऊ दिलं नाही, असं तुम्ही मागच्या लेखात म्हणालात. मग वर्षभरात त्यालाच मोकळं कसं सोडलं? तेही बदल्यात काही न घेता? आमच्या पेठेत असं झालं असतं तर पोरांनी तालमीच्या दारात जाऊन जाब विचारला असता.’

जाब सॅन दिएगोतही विचारला गेला. आणि या एका प्रश्नाच्या उत्तरात अमेरिकन फुटबॉलमधल्या फ्री एजन्सीचं, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूने मोकळेपणी संघ निवडण्याचं, जवळजवळ सगळं शास्त्र सामावलेलं आहे. म्हणून हा पूर्ण लेख त्यालाच देतो.

सुरुवात ३१ डिसेंबर २००५ पासून करू. चार्जर्सचा मोसमातला शेवटचा सामना, समोर डेन्व्हर ब्राँकोज. प्लेऑफची आशा आदल्या आठवड्यातच संपलेली. टॅगचं, म्हणजे एका वर्षाच्या ठरावीक रकमेवर अडवून ठेवल्याचं, वर्षही संपत आलेलं. सामन्यात जॉन लिंचने ब्रीसला धडक दिली आणि चेंडू निसटला. तो उचलायला ब्रीस झेपावला, उजवा हात पुढे लांबवला आणि त्याच क्षणी जेरार्ड वॉरन हा दीडशे किलोच्या आसपासचा गडी त्याच्यावर येऊन पडला. हात नेमका फेकीचा. खांदा निखळला.

खांद्याचा सांधा कसा असतो ते इथे थोडं नीट पाहायला हवं, कारण पुढचे कोट्यवधी डॉलर त्यावरच फिरले. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचा तसा नाही. तिथलं हाड बशीसारखं उथळ. म्हणून तर आपला हात इतक्या दिशांना फिरतो. त्या बशीच्या काठाला कूर्चेची एक कडी असते, तिला लॅब्रम म्हणतात. दंडाच्या हाडाचा गोळा घसरू नये म्हणून ही कडी त्याला धरून ठेवते. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला हात मागे नेतो तेव्हा या कडीवर मोठा ताण येतो. ब्रीसची कडी चारही बाजूंनी सुटली होती, शिवाय रोटेटर कफ या खांद्याभोवतीच्या स्नायुबंधांनाही इजा होती. बर्मिंगहॅमच्या डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी जानेवारीत शस्त्रक्रिया केली. कडी हाडाला परत बसवताना एरवी तीन-चार अँकर पुरतात. ब्रीसला अकरा लागले.

मार्चमध्ये बाजार उघडला तेव्हा २७ वर्षांच्या या क्वार्टरबॅकला चेंडू फेकता येत नव्हता. आपण चार्जर्सच्या कचेरीत बसलोय अशी कल्पना करा. २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तुम्ही एली मॅनिंगला निवडून जायंट्सला दिलंत आणि बदल्यात फिलिप रिव्हर्स घेतलात. तो दोन वर्षं बाकावर बसून आहे, शिकून तयार आहे, खांदा धडधाकट आहे. दुसरीकडे ब्रीस. त्याने याच दोन वर्षांत उत्तम खेळून तुमच्या तोंडचा घास अडवून धरलाय, पण आज त्याच्या हाताची खात्री कोणीच देत नाही. तुम्ही काय कराल?

चार्जर्सनी ५ वर्षांचा, ५ कोटी डॉलरचा प्रस्ताव ठेवला. वरवर पाहता भरघोस. पण पहिल्या वर्षाचा मूळ पगार फक्त २० लाख डॉलर, बाकीचा मोठा भाग कामगिरीवर अवलंबून. इतका खेळलास तर इतके, तितका खेळलास तर तितके. ब्रीसने त्यातला मजकूर बरोबर वाचला : यांचा माझ्यावर भरवसा नाही. त्याने अव्वल पाच क्वार्टरबॅकना मिळतो तसा पैसा मागितला, चार्जर्स नाही म्हणाले आणि रस्ते वेगळे झाले. जखमी माणसाला पुन्हा टॅग लावायचा तर वर्षाची सगळी रक्कम त्याच्या नावावर लिहावी लागते. रिव्हर्स हाताशी असताना ते कोण करणार?

तेव्हा वाचकमित्रा, बदल्यात काही न घेता सोडलं हे खरं, पण सोडताना चार्जर्सचे हात रिकामे नव्हते. पुढच्याच मोसमात रिव्हर्सला घेऊन ते १४ सामने जिंकले, फक्त २ हरले. रिव्हर्स २०१९ पर्यंत त्यांच्याकडे खेळला. त्यांचा निर्णय मी कधीच चुकीचा मानला नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. ब्रीसच्या मागे दोन संघ होते, मायामी डॉल्फिन्स आणि न्यू ऑर्लीन्स सेंट्स.

मायामीचे प्रशिक्षक निक सेबन. २००५ मध्ये त्यांचा संघ शेवटचे सहा सामने ओळीने जिंकून ९-७ वर थांबला होता. एक चांगला क्वार्टरबॅक मिळाला की झालं, अशी तिथली भावना, आणि ती वाजवीही होती. त्यांच्या डॉक्टरांनी खांदा तपासला आणि तो पूर्ण बरा होण्याची शक्यता चारात एक धरली. मायामीने बोलणी थांबवली आणि दुसऱ्या फेरीची निवड देऊन मिनेसोटाकडून डॉन्टे कल्पेपरला घेतलं. कल्पेपरचाही गुडघा आदल्या मोसमात फाटलेला होता, पण त्या दोन एक्स-रेंपैकी हा बरा, असं त्यांना वाटलं.

आणि न्यू ऑर्लीन्स? २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना चक्रीवादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. ज्या सुपरडोममध्ये सेंट्स खेळायचे तिथे हजारो माणसं आसऱ्याला होती. संघाला घरचे बहुतेक सामने सॅन अँटोनियो आणि बॅटन रूजला खेळावे लागले. मोसम संपला ३-१३ वर. संघ शहरात परत येतो की कायमचा जातो, इथपर्यंत बोललं जात होतं. जानेवारी २००६ मध्ये शॉन पेटन यांना प्रशिक्षक नेमलं. त्यांनी याआधी कुठेही मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केलं नव्हतं. अशा संघाकडे, अशा शहराकडे, स्वतःहून कोण येईल?

पेटन ब्रीस पतिपत्नींना गाडीतून शहर दाखवायला निघाले आणि रस्ता चुकले. नवखेच होते तेही. त्या भटकंतीत ब्रीसला दाखवायला नको ते सगळं दिसलं : मोडलेली घरं, उलटलेल्या गाड्या, भलत्याच जागी येऊन पडलेल्या होड्या. ब्रीसने पुढे लिहिलंय की इथे आपली गरज आहे, असं त्याला आणि त्याच्या पत्नीला तिथेच वाटलं.

पण मला वाचकांचं लक्ष वेधायचंय ते सेंट्सचे जनरल मॅनेजर मिकी लूमिस यांच्या कागदाकडे. १४ मार्च २००६ ला करार झाला, ६ वर्षं, ६ कोटी डॉलर. वर्तमानपत्रांत मथळा हाच आला. आत काय होतं? पहिल्या वर्षी १ कोटी डॉलर हमीचे. दुसऱ्या वर्षासाठी १ कोटी २० लाखांचा ऑप्शन. म्हणजे संघाने पुढच्या वसंतात पुन्हा ठरवायचं. ती रक्कम भरली तर करार पुढे चालू, नाहीतर दोघे मोकळे. खांदा बरा झालाच नाही, तर सेंट्सचं नुकसान ६ कोटींचं होत नव्हतं, एका वर्षाच्या रकमेपाशी थांबत होतं.

सेंट्सना खांद्याचा धोका कळला नव्हता असं नाही. शस्त्रक्रिया त्यांनाही माहीत होती, फिती त्यांनीही पाहिल्या होत्या. मायामीने विचारलं, ‘हा बरा होईल का?’ सेंट्सनी विचारलं, ‘हा बरा झाला नाही तर आपण किती बुडतो, आणि झाला तर काय मिळतं?’ पहिल्या प्रश्नाला डॉक्टर उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर संघाला स्वतः शोधावं लागतं. आपल्याकडे काय नाही हे नीट ठाऊक असलेल्या संघालाच ते सापडतं. ३-१३ च्या संघाकडे गमावण्यासारखा क्वार्टरबॅक नव्हता. चार्जर्सचं पहिल्या वर्षाचं २० लाखांचं आश्वासन आणि सेंट्सची १ कोटीची हमी यांत डॉलरच्या फरकाइतकाच विश्वासाचाही फरक होता, आणि ब्रीसला तो वाचता आला.

क्वार्टरबॅक आला म्हणजे संघ झाला असं नव्हे, हे नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. त्याच वसंतात सेंट्सनी डॅलसहून स्कॉट फुजिटा हा लाइनबॅकर फ्री एजंट म्हणून आणला. पेटन आधी तिथेच सहायक होते, माणूस पारखलेला होता. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर रेजी बुश घेतला, चौथ्या फेरीत ब्लूम्सबर्गसारख्या लहान कॉलेजातून जाहरी एव्हान्स हा गार्ड आणि सातव्या फेरीत, २५२ व्या क्रमांकावर, मार्केस कोल्स्टन हा रिसीव्हर. पुढे ब्रीसचे असंख्य पास झेलले ते या सातव्या फेरीतल्या पोराने. एकाच उन्हाळ्यात अर्धा संघ बदलला.

मी तेव्हा ह्यूस्टनला होतो. कॅटरिनानंतर न्यू ऑर्लीन्सची माणसं ह्यूस्टनला लोंढ्याने आली. आमच्या जिन्यासमोरच्या घरात एक वयस्क जोडपं राहायला आलं. आजोबा सेंट्सचे जुने भक्त. ऑगस्टमध्ये सरावाचे सामने सुरू झाले तसे ते दर सामन्यानंतर मला जिन्यात अडवून एकच विचारायचे, ‘आज लांब फेकला का?’ जिंकले-हरले याची त्यांना फिकीर नव्हती. किती यार्डांचा पास गेला, चेंडू डगमगला की सरळ गेला, एवढंच हवं असायचं. त्या महिन्यात मी फुटबॉल पाहायला खऱ्या अर्थाने शिकलो. तोवर मी चेंडूच्या मागे डोळे नेत असे. आजोबांमुळे चेंडू सुटण्याआधीचा खांदा पाहू लागलो.

२५ सप्टेंबर २००६, सोमवार. दुरुस्त झालेला सुपरडोम त्या रात्री उघडला. अटलांटा फाल्कन्सशी सामना होता आणि आम्ही आजोबांकडे जेवायला होतो. न्यू ऑर्लीन्समध्ये सोमवारी लाल राजमा आणि भात करायचा नेम असतो. आजींनी परगावीही तो सोडला नव्हता. ताटं मांडीवर घेऊन आम्ही बसलो. सामना सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. अटलांटाचा पंट आला आणि स्टीव्ह ग्लीसन सरळ मधून घुसला. त्याने दोन्ही हातांनी चेंडू अडवला, कर्टिस डेलोचने तो एंड झोनमध्ये दाबला. टचडाउन. टीव्हीवर जो आवाज उठला तसा मी आजवर ऐकलेला नाही. आजोबा मात्र गप्प होते. चमचा भातात तसाच उभा, ताट मांडीवरून कलतंय, आणि आजी एका हाताने ताट धरून दुसऱ्या हाताने त्यांची पाठ चोळतायत. सेंट्स २३-३ ने जिंकले. ग्लीसनच्या त्या झेपेचा पुतळा आज स्टेडियमबाहेर उभा आहे.

त्या मोसमात ब्रीसने ४,४१८ यार्ड फेकले, लीगमध्ये सर्वांत जास्त. सेंट्स १०-६ वर गेले आणि आपल्या इतिहासात पहिल्यांदाच कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले. तिकडे मायामीत कल्पेपर चार सामने खेळू शकला. संघ ६-१० वर घसरला आणि जानेवारीत सेबन अलाबामा विद्यापीठात निघून गेले. ७ फेब्रुवारी २०१० ला सेंट्सनी कोल्ट्सना ३१-१७ असं हरवून पहिला सुपर बोल जिंकला. ब्रीसचे ३९ पैकी ३२ पास पूर्ण, सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच. सामना झाला तो मायामीत, डॉल्फिन्सच्याच मैदानावर.

म्हणून मायामीचे डॉक्टर चुकले असं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. अकरा अँकर घातलेल्या खांद्याबद्दल त्यांनी प्रामाणिक मत दिलं. मतात आणि निर्णयात फरक असतो. डॉक्टर धोका किती ते सांगतात. तो कसा वाटून घ्यायचा, किती वर्षांवर पसरायचा, परतीची वाट कुठे ठेवायची, हे संघ चालवणाऱ्याचं काम. लूमिस यांनी ते केलं. मायामीने ते करून पाहिलंच नाही, ही त्यांची चूक. आणि यावरून जखमी खेळाडू उचलावेत असा धडा कोणी काढू नये. कल्पेपरही जखमीच होता.

ब्रीस १५ वर्षं न्यू ऑर्लीन्सला राहिला. निवृत्ती जाहीर केली तो दिवस होता १४ मार्च २०२१, करारावर सही केली तीच तारीख.

दर मार्चमध्ये शेकडो करारांच्या बातम्या येतात. वर्षं अमुक, कोटी तमुक. माझी एकच विनंती आहे, मथळ्यातला आकडा सोडा. हमीची रक्कम किती आणि संघाला पहिल्यांदा बाहेर पडता येतं ते कुठल्या वर्षी, या दोन गोष्टी शोधा. संघाचा त्या खेळाडूवर खरोखर किती विश्वास आहे, ते तिथे लिहिलेलं असतं.