रॅकेट आणि स्मॅशचा वेग

मे महिन्यात रायपूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो. ऊन उतरले की गच्च्यांवर, मोकळ्या मैदानांत आणि क्रीडागृहांत बॅडमिंटनचे शटल उडू लागते. जवळच्याच दुर्गची आकर्षी कश्यप २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय मिश्र संघात होती. अशा वातावरणात नवशिक्या खेळाडूने महागड्या रॅकेटसाठी घरी हट्ट धरणे स्वाभाविकच आहे. 'ही रॅकेट घेतली की स्मॅश जोरात बसतो,' असे विक्रेताही सांगतो. या विधानात तथ्य किती, ते आपण पाहू.

डोक्याच्या वरून खाली हाणलेला जोरकस फटका म्हणजे स्मॅश. भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदवला गेला. त्यापूर्वीचा ताशी ४९३ किलोमीटरचा विक्रम २०१३ मधील असून तो मलेशियाच्या तान बून हिआँगचा होता. हे वेग शटल रॅकेटवरून सुटतानाचे आहेत. शटलची १६ पिसे हवेला इतका अडथळा करतात, की प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचेतो त्यातील बराचसा वेग ओसरलेला असतो.

जड रॅकेटने फटका जोरात बसतो, हा सर्वसाधारण समज आहे. थोडे गणित करू. शटल ५ ग्रॅमचे आणि रॅकेट ८० ग्रॅमची धरली व टक्करीत ऊर्जा मुळीच वाया जात नाही असे मानले, तर शटल रॅकेटच्या सुमारे १.८८ पट वेगाने सुटेल. रॅकेट ९० ग्रॅमची केली, तर हा आकडा १.८९ होतो. म्हणजे दहा ग्रॅम ओझे वाढवून लाभ एक टक्काही नाही. उलट त्या ओझ्यामुळे हात पाच टक्के मंदावला, तर शटलचा वेगही जवळजवळ तितकाच घटेल. प्रत्यक्षात रॅकेटचे सगळे वजन फटक्याच्या जागी काम करत नाही, त्यामुळे आकडे थोडे बदलतात. निष्कर्ष मात्र फारसा बदलत नाही.

वजन किती, यापेक्षा ते कोठे आहे, याला अधिक महत्त्व आहे. ८५ ग्रॅमच्या दोन रॅकेटींपैकी एकीचा तोल डोक्याकडे, तर दुसरीचा मुठीकडे असू शकतो. डोक्याकडे जड असलेली रॅकेट हातोडीसारखी वागते. ती गतीला यायला वेळ घेते; पण एकदा गती आली की फटक्याच्या जागी अधिक वजन उभे करते. बळकट खांद्याच्या आक्रमक खेळाडूस ती मानवते. कोवळ्या खांद्यावर मात्र तिचा ताण पडतो आणि जाळ्याजवळच्या झटपट खेळात ती मागे राहते.

दांडीचेही तसेच आहे. रॅकेट फिरवताना दांडी किंचित मागे वाकते आणि फटक्याच्या सुमारास सरळ होऊ पाहते. ताठ दांडी वाकवण्यास वेगवान मनगट लागते. ज्याच्या हाताला तो वेग नाही, त्याला लवचीक दांडीच अधिक साहाय्य करते. नामांकित खेळाडूची रॅकेट नवशिक्याच्या हाती निष्प्रभ वाटते, ती बहुधा यामुळेच.

सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये परदेशातील स्पर्धेचे विजेतेपद मिळवले, तेव्हा रॅकेटी लाकडी होत्या. ती चौकट वाकू नये म्हणून खेळ संपल्यावर शिकंज्यात आवळून ठेवत. आजची कार्बन तंतूंची चौकट हलकी असून तारांचा मोठा ताण सहन करते. पण ताण जितका अधिक तितका स्मॅश वेगवान, हाही गैरसमजच होय. सैल तारा जास्त दबतात आणि शटलला उसळी देतात. घट्ट तारा नेमकेपणा देतात, परंतु फटका मधोमध बसला नाही तर जोर वाया जातो. म्हणून शिकाऊ खेळाडूने २० ते २४ पौंडांच्या आसपास ताण ठेवावा.

रायपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. तप्त हवा विरळ असल्याने शटल अधिक दूर जाते आणि खेळाडूला वाटते की नवी रॅकेटच पावली. अशा दिवसांत मंद गतीचे शटल निवडावे लागते. कोरड्या हवेत पिसेही लवकर तुटतात. त्यासाठी अनेक जण खेळण्याआधी शटलना वाफ देतात. रॅकेट मात्र उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. तेथील उष्णतेने तारा सैल पडतात.