विसाव्याचा दिवस

रविवार उजाडला की घराघरांत एक प्रकारचा निवांतपणा येतो. शाळेची घंटा वाजत नाही. कचेऱ्यांची दारे बंद असतात. हा दिवस पूर्वीपासून आपोआपच सुटीचा आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु हा विसावा कोणी तरी मागितला, त्यासाठी झटले, तेव्हाच तो मिळाला.

शेतकऱ्याच्या जीवनात कष्ट फार. पण त्या कष्टांना निसर्गाची लय असते. दुपारच्या उन्हात तो झाडाखाली भाकरी खाऊन घटकाभर पाठ टेकतो. सुगी सरली की गावोगावच्या जत्रा येतात. पोळ्याच्या दिवशी तर बैलाच्या मानेवरही जू ठेवीत नाहीत. पुढे १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्या वाढल्या, तशी कोकणातून व घाटावरून हजारो माणसे तेथे कामाला आली. यंत्राला थकवा ठाऊक नसतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ते चाले आणि माणसालाही त्याच्याबरोबर राबावे लागे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही अधिक. १८८१ च्या कायद्याने गिरणीतील लहान मुलांना महिन्यातून चार सुट्या दिल्या. मोठ्या माणसांना मात्र एकही दिली नाही. बैलाला मिळणारा विसावाही माणसाला दुर्लभ झाला.

ही स्थिती नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीत नोकरी करीत असताना जवळून पाहिली. ते महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी होते. ‘दीनबंधु’ या पत्रातून त्यांनी कामगारांच्या दुःखांना वाचा फोडली. १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या किती साध्या होत्या! आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. तरीही त्या मान्य होण्यास वर्षे लोटली. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. या एकजुटीपुढे गिरणीमालक नमले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. पुढच्याच वर्षी कायद्यानेही आठवड्याच्या सुटीला मान्यता दिली.

सुटी मिळणे ही एक गोष्ट आणि विसावा घेणे ही दुसरी. आज गिरणीचा भोंगा ऐकू येत नाही. परंतु खिशातील मोबाइल रात्रंदिवस हाका मारीत असतो. कचेरीचे काम त्याच्या वाटेने घरात शिरते, आणि काम नसेल तेव्हा करमणुकीचा गोंगाट शिरतो. शरीर स्वस्थ बसते, पण मन धावतच राहते. नदीचे गढूळ पाणी घागरीत स्थिर ठेवले म्हणजे गाळ तळाशी बसतो व वरचे पाणी नितळ होते. मनाचेही तसेच आहे. दिवसभर पाहिलेले, वाचलेले, ऐकलेले मनात मुरण्यास थोडी शांतता लागते. आपण काय केले, कोठे चुकलो, उद्या काय करावयाचे, याचा विचार धावपळीत होत नाही. त्यासाठी फार वेळ नको. संध्याकाळी मोबाइल दूर ठेवून अंगणात किंवा खिडकीशी घटकाभर शांत बसले तरी पुरे.

मात्र आजही रविवार सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. बसचा चालक, रुग्णालयातील परिचारिका, रोजावर राबणारा मजूर यांना त्या दिवशीही कामावर जावे लागते. घरातील सर्वांना सुटी असते, त्या दिवशी आईचे काम तर दुप्पट होते. लोखंडे यांनी विसावा मागितला तो एकट्यासाठी नव्हे, सर्वांसाठी. म्हणून रविवारी आईच्या हातातील एखादे काम मुलाने आपल्या हाती घेतले आणि तिला घटकाभर निवांत बसू दिले, तर त्या सुटीचे खरे चीज होईल.