खाली गल्ला, वर चूल

सटाण्याच्या बाजारपेठेत नुसत्या पाट्या वाचत चाललात तर गाव अर्धंच दिसतं. मान जरा वर केली की गॅलरीत वाळणारी गोधडी दिसते, डब्यातली तुळस दिसते आणि खालचं गिऱ्हाईक न्याहाळत बसलेली एखादी आजी. खाली दुकान, वर घर. माझं लहानपण अशाच एका माडीवर गेलं, तेव्हा हा आढावा तटस्थ असेल अशी अपेक्षा ठेवू नये.

फायदे विचारले की सगळे भाडं वाचल्याचं सांगतात. तेही खरंच, वर जेवण गरम मिळतं. पण खरी कमाई म्हणजे पत. मुल्हेर, ताहाराबाद, नामपूरकडच्या शेतकऱ्याला आपला दुकानदार रात्री कुठे झोपतो ते ठाऊक असतं, म्हणून मालाबद्दल भांडायला तो बिनधास्त येतो आणि माल घ्यायलाही. उधारी मात्र डाळिंबाच्या बहारावर नाहीतर कांद्याच्या पट्टीवर फिटणार. डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग पडला की वहीतली पानं तशीच राहतात. ज्या गावाने १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटणाऱ्या यशवंतराव महाराजांना ‘देवमामलेदार’ म्हणून पूजलं, तिथे ‘आज रोख, उद्या उधार’ची पाटी लावायलाही छाती लागते.

शिवाय दुकान बंद झालं तरी घर बंद होत नाही. रात्री अकराला खालून हाक येते, “शेठ, जरा खाले ये ना!” पाहुणे आलेले असतात, साखर संपलेली असते. शटर अर्धं वर जातं.

ही हाक सगळ्यात आधी ऐकू येते ती घरातल्या बाईला. फोडणी तडतडत असताना “पाच मिनिटं गल्ल्यावर बस” म्हणून तिला खाली बोलावतात, आणि त्या पाच मिनिटांची दुपार होते. शंभर जिन्नसांचे भाव तिला तोंडपाठ, कोणाची बाकी किती तेही. पगार नाही. पाटीवर ‘अँड सन्स’ असतं. ‘अँड मिसेस’ लिहिलेली पाटी मी अजून पाहिलेली नाही.

इमारती चिंचोळ्या आणि खोल. उजेड पुढून नाहीतर मागून, मधल्या खोलीत दिवसाही दिवा. खाली व्यापारी मीटर, वर घरगुती. जिन्यातला दिवा कोणत्या मीटरवर, यावर आमच्याकडे दोन भावांत वर्षभर अबोला होता. कीटकनाशकांच्या दुकानावर राहणाऱ्यांना तर पोळीलाही औषधाचा वास येतो.

आतलं हे असं, दुकानापुढच्या जागेची गोष्ट वेगळी. सिंगापूरची आखणी करताना १८२२ मध्ये ब्रिटिश अधिकारी रॅफल्सने दुकानांपुढे सलग, छपराखालचा पायरस्ता सक्तीचा केला. आपल्याकडे ते काम थोडंफार ओटा करायचा. लाकडी फळ्या गेल्या, शटर आलं आणि सरकत सरकत ओट्याच्या कडेवर येऊन बसलं. आता गिऱ्हाईक विंचूर-प्रकाशा रस्त्यावर, ट्रकला पाठ करून, सुटे पैसे मोजतं.

हे सगळं सोसता येतं. जिन्याचं सोसता येत नाही. जुन्या घरांत जिना दुकानातूनच चढतो. चोराला वर जायचं तर खाली झोपलेल्या आजोबांना ओलांडावं लागे, म्हणून ही रचना शहाणपणाची वाटायची. पण खाली आग लागली तर घरच्यांनाही वाट तीच. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गुदमरून गेली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत तसंच घर, तशीच पहाट, पुन्हा सात. मागून एक लोखंडी जिना बसवायला फार खर्च येत नाही. अडचण एवढीच की मागची जागा म्हणजे आपलं गोदाम. तिथे तेलाचे डबे आणि रिकामी खोकी रचलेली. आमच्याकडेही तेच होतं.

आता ज्यांना जमलं ते गावाबाहेर बंगल्यात राहायला गेले. माडीवर कुठे शिकवणी, कुठे दवाखाना, बहुतेक ठिकाणी मालच. मार्गशीर्षात देवमामलेदारांचा रथ निघतो त्या दिवशी मात्र सगळे परत माडी चढतात. सासुरवाशिणी येतात, पोरं येतात. खोकी भिंतीला सारून गॅलरीत जागा करतात, आणि रथ येईपर्यंत कोणीतरी खाली गल्ल्यावर बसलेलं असतं.