शेतात जुनी शिशी सापडली? भाव करण्याआधी तिचं वय असं ओळखा

दारव्हा : उन्हाळवाही करताना, विहिरीचा गाळ काढताना किंवा पडक्या घराची माती उकरताना कधी कधी जुनी काचेची बाटली हाती लागते. फोटो व्हॉट्सॲपवर गेला की कोणी म्हणतं इंग्रजांच्या काळातली, कोणी हजारोंचा भाव सांगतं. पण बाटलीच्या वयाच्या खुणा तिच्या अंगावरच असतात. त्या पाहिल्या तर फसगत टळते.

आधी जीव, मग भाव

आपला भाग कपाशीचा. धुऱ्यावर, गोठ्याच्या मागं सापडणारी शिशी फवारणीच्या औषधाचीही असू शकते. एन्ड्रिनवर आता बंदी आहे, पण तसल्या औषधाचा अंश वर्षानुवर्षं टिकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला, हे विसरता येत नाही. त्यामुळं बूच लागलेली किंवा आत काही असलेली शिशी उघडू नका, वास घेऊ नका, लेकरांच्या हाती देऊ नका. कितीही धुतली तरी तिच्यात तेल-पाणी भरू नका.

जोडाची रेघ कुठपर्यंत?

रिकामी बाटली उन्हात धरून बाजूची उभी रेघ पाहा. ती साच्याच्या जोडाची. रेघ थेट तोंडाच्या काठापर्यंत गेली असेल तर बाटली बहुधा यंत्रावरची. पूर्ण आपोआप चालणारं बाटलीचं यंत्र अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३ च्या सुमारास आणलं, म्हणजे अशी बाटली बहुधा त्यानंतरची. रेघ मानेपाशीच थांबली असेल तर तोंड हातानं घडवलेलं. मात्र आपल्या देशात हातकाम पुढं बरीच वर्षं चाललं. म्हणून हातची बाटली म्हणजे शंभर वर्षांची, असं होत नाही.

अक्षरं आणि माप

काचेत उठवलेली अक्षरं सगळ्यात कामाची. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, कराडजवळचा ओगले काच कारखाना १९१६ चा. ज्या कारखान्याचं नाव असेल, त्याच्या सुरुवातीआधीची बाटली असूच शकत नाही. देशी बाटलीवर माप औंसात असेल तर ती बहुधा १९६० च्या आधीची, मिलिलिटरमध्ये असेल तर नंतरची, कारण मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला. तळावरचा आकडा मात्र साल समजू नका. बहुतेकदा तो साच्याचा नंबर असतो.

इथं लोक फसतात

गोटी सोड्याच्या बाटलीचं पेटंट इंग्लंडच्या हिरम कॉड यांचं, १८७० च्या दशकातलं. पण तशा बाटल्या आजही बनतात. नुसती गोटी पाहून वय ठरत नाही. काचेतले बुडबुडे, मातीनं आलेला पांढरट थर, यावरूनही ठरत नाही. फिकट जांभळी झालेली काच थोडी वेगळी. काच पांढरी दिसावी म्हणून पूर्वी तिच्यात मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळट होते. ही खूण जुनेपणाकडं बोट दाखवते, पण एकटीनं पुरावा होत नाही.

जागेचंही तसंच. दारव्ह्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे इंग्रजांच्या काळात धावू लागली. रुळाशेजारी सापडलेली बाटली तेव्हाची असेल, किंवा चाळीस वर्षांपूर्वी कुणी फेकलेलीही असेल.

शेवटी काय?

दोन-तीन खुणा एकच काळ सांगत असतील तरच अंदाज धरा, आणि तोही "अमुक सालानंतरची" एवढाच. बाटली घासण्याआधी तोंड, तळ, रेघ आणि अक्षरं यांचे जवळून फोटो काढा, सापडल्याची जागा लिहून ठेवा. कोणी मोठा भाव सांगून आधी पैसे मागितले तर व्यवहार तिथंच थांबवा.