सम्यक आजीविका आणि थबकलेले पाऊल

वसतिगृहातून बाहेर पडलेला विद्यार्थी भेटला की आम्ही आधी त्याची प्रकृती विचारतो, मग नोकरी. अलीकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा खाली मान घालून मिळते. कुणी चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम करीत असतो. काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो आणि पुन्हा नव्या ठेकेदाराच्या दारात उभे राहावे लागते. कुणी पुण्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचे चौथे वर्ष काढीत असतो आणि घरी ते सांगवत नाही. आता काही सुचत नाही, असे दोघेही म्हणतात.

देहूरोडच्या भूमीवर २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करणारे बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. २६ वर्षांचे, बेकार बाबासाहेब मात्र आपण फारसे आठवत नाही.

कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण घेऊन ते १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. भाग-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात तात्पुरती प्राध्यापकी मिळाली. तेथे काही सहकाऱ्यांनी त्यांच्या पाणी पिण्यावर आक्षेप घेतला, तरी त्यांनी ती टिकविली, कारण तिचा उपयोग त्यांना स्पष्ट दिसत होता. पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडन गाठले. पुढे बॅरिस्टर होऊनही वकिली चटकन चालली नाही. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत होते. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे याच अर्धवेळ नोकरीच्या काळातला.

यातून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. सल्लागाराचा व्यवसाय बुडाला तो त्यांच्या ज्ञानात उणीव होती म्हणून नव्हे. आपल्या मुलांनीही आपले अपयश असे तपासून पाहावे. कायम नोकऱ्याच कमी झाल्या असतील, तर कायम न होणे हा मुलाचा नालायकपणा कसा? पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ‘पर्मनंट झालास का?’ या प्रश्नाने घरोघरी मुले घराबाहेर राहू लागली आहेत. दुसरी गोष्ट अशी की, मनाजोगे नसलेले कामही पुढच्या कामासाठी वापरता येते. मात्र ते कशासाठी करतो आहोत आणि किती काळ, हे ठरलेले हवे. स्पर्धा परीक्षेलाही हाच नियम लावावा. किती वेळा बसायचे हे आधी ठरवावे व ते घरी सांगावे.

समाधानाचे काय? अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. अंगुत्तर निकायात तथागतांनी उपासकाला शस्त्रे, जिवांची विक्री, मांस, मद्य व विष हे पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. देहूरोडमध्ये हा विषय निघाला की एखादा मुलगा हमखास विचारतो, मग आयुध डेपोतल्या नोकरीचे काय? आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूल त्या पगारावर पेटली आहे, म्हणून प्रश्न टाळू नये. मूळ शब्द ‘वणिज्जा’ म्हणजे व्यापार आहे. शस्त्रे विकून नफा मिळविणारा आणि पगारावर राबणारा कामगार यांना आम्ही एका मापाने मोजत नाही. तरीही ज्या मुलाच्या मनाला ते काम खुपते, त्याला हसू नये. कोणते काम आपल्याकडून होणार नाही, हे ज्याला कळले त्याची निवड निम्मी सोपी झाली.

थकवा नेमका कशाचा, हेही पाहावे. रात्रपाळीचा, वरिष्ठाचा की खुद्द कामाचा? यंत्रावर हात बसलेला असेल आणि जाच फक्त ठेकेदाराचा असेल, तर व्यवसाय सोडण्याचे कारण नाही; पात्रता वाढवावी. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. नोकरी सोडणे परवडत नसेल त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पदवीला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असल्यास जातवैधता प्रमाणपत्र लागते. आजोबांच्या-पणजोबांच्या शाळेचे जुने दाखले गावाहून मिळवायलाच अनेकदा महिने जातात, तेव्हा त्या कामाला आधी लागावे.