सोळा विरुद्ध राजा

हातात नव्वी आणि सत्ती, म्हणजे सोळा. डीलरचे उघडे पान राजा. ब्लॅकजॅकमधला याहून वाईट हात शोधूनच काढावा लागेल. आणखी एक पान मागावे, तर छक्कीपासून राजापर्यंत तेरापैकी आठ प्रकारची पाने आपल्याला एकवीसच्या पलीकडे नेऊन बाद करतात. थांबावे, तर डीलर स्वतः बाद झाला तरच आपण जिंकणार. आणि राजा दाखवणारा डीलर चारांत एकदाही धड बाद होत नाही. टेबलाभोवतीचे बहुतेक जण इथे थांबतात. गणित सांगते, पान घ्या. शंभर रुपये लावले असतील तर दोन्ही वाटांनी सरासरी चोपन्नेक रुपये जातातच, पान घेतले तर काही पैशांनी कमी. असे काही पैसे वाचवत जाण्याच्या पद्धतीला ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणतात, आणि ती जिंकण्याची नव्हे, कमी हरण्याची विद्या आहे. हे आधी पटले नाही तर पुढचे सगळे पाठांतर फुकट.

खेळ सोपा आहे. चित्रांची किंमत दहा, एक्क्याची एक किंवा अकरा, जशी सोयीची पडेल तशी. प्रत्येकाला दोन पाने, डीलरचे एक उघडे. एकवीसच्या जवळ जायचे, पण पुढे नाही. डीलरला मात्र मर्जी नसते: सोळापर्यंत पान घ्यायलाच हवे, सतराला थांबायलाच हवे.

डीलरची हीच बांधिलकी एका गणितज्ञाच्या नजरेत भरली. १९५० च्या दशकात अमेरिकेत मेरीलँडमधल्या अॅबरडीन प्रूव्हिंग ग्राउंड या लष्करी तळावर रॉजर बॉल्डविन, विल्बर्ट कॅन्टी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडरमॉट हे चौघे सैनिकी नोकरीत होते. डीलर ठरल्या नियमाने चालतो, म्हणजे त्याचे भवितव्य मोजता येते आणि त्याच्या प्रत्येक उघड्या पानासमोर आपण काय करावे तेही काढता येते, हे बॉल्डविनच्या ध्यानात आले. मग फावल्या वेळात, टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर, चौघांनी दीडेक वर्ष घाम गाळला. १९५६ साली त्यांचा निबंध अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. पुढे संगणकांनी तीच गणिते पुन्हा तपासली, तेव्हा या हाताने केलेल्या कामात किरकोळच दुरुस्त्या निघाल्या. मला तरी हे जुगारातल्या कुठल्याही मोठ्या डावापेक्षा जास्त थक्क करणारे वाटते.

मुळात कसिनोची कमाई येते कुठून? आपण आधी खेळतो, आणि आधी बाद होतो. नंतर डीलरही बाद झाला तरी आपले पैसे गेलेलेच असतात. समजा कुणी ठरवले, की डीलर करतो तेच आपण करू. डीलर शंभरात सुमारे २८ वेळा बाद होतो, आपणही तितकेच होणार. दोघेही बाद व्हायची वेळ येते शंभरात आठेक वेळा. ती कसिनोची मिळकत. एक्का आणि दहाचे पान एकत्र आले की, म्हणजे ‘ब्लॅकजॅक’ झाला की, मिळणाऱ्या दीडपट मोबदल्यातून त्यातले सव्वादोन टक्के आपल्याकडे परत येतात, तरी साडेपाच टक्क्यांच्या आसपास तोटा उरतो. दुसरा भित्रा पंथ म्हणतो, बारा झाले की थांबायचे, बाद व्हायचेच नाही. त्याचा तोटा चारेक टक्के. कोणत्या हातावर काय करावे हे सांगणारा बेसिक स्ट्रॅटेजीचा तक्ता नीट पाळणाऱ्याचा तोटा, नियम चांगले असले तर, अर्ध्या टक्क्याच्या घरात येतो.

तक्ता दिसायला रेल्वेच्या वेळापत्रकासारखा असला तरी त्यामागे एकच प्रश्न आहे: डीलर अडचणीत आहे का? पंजी किंवा छक्की उघडी असेल तर तो शंभरात ४२ वेळा बाद होतो. म्हणून चव्वी, पंजी, छक्कीसमोर बारापासून सोळापर्यंत गप्प बसायचे; त्याला पडू द्यायचे. दुर्री-तिर्रीसमोरही तेरापासून थांबायचे, बारावर मात्र एक पान घ्यायचे, कारण बारावरून बाद करणारी पाने तेरापैकी चारच. सत्तीपासून पुढे काहीही उघडे असेल तर सतरा होईपर्यंत पान घेत राहायचे. अकरा झाले आणि डीलरचा एक्का नसेल, की पैज दुप्पट करायची. दोन एक्के आणि दोन अठ्ठ्या वेगळ्या करून दोन हात खेळायचे. अठ्ठ्यांच्या सोळापेक्षा दोन आठ बरे. दहाची जोडी कधी फोडायची नाही. वीस हातात असताना हाव सुटणाऱ्यांची संख्या मोठी आहे. एक्का-छक्की हे सतरा दिसतात, पण एक पान घेऊन हात बाद होऊच शकत नाही, तेव्हा तिथे थांबणे म्हणजे निव्वळ आळस.

आणि ‘इन्शुरन्स’. डीलरचा एक्का उघडा असला की तो अदबीने विचारतो, विमा हवा का? खाली दहाचे पान असेल तर दुप्पट मिळते. तेरापैकी चार प्रकारची पानेच दहाची. म्हणजे तेरा वेळा शंभर लावले तर चारदा दोनशे मिळून आठशे येणार, नऊदा शंभर जाऊन नऊशे जाणार. हा विमा नसून वेगळी, आणि महाग, पैज आहे. कधीच घेऊ नये.

गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर डीलरसमोर बसून हा खेळ खेळता येतो. जमिनीवरच्या कसिनोंना कायद्याने फक्त यंत्रे ठेवता येतात. महाराष्ट्राने १९७६ साली कसिनोचा कायदा केला, तो अमलात आणलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. कुठेही बसा, आधी टेबलावरचे कापड वाचा. ब्लॅकजॅकला ‘३ ला २’ मिळतात की ‘६ ला ५’, ते छापलेले असते. शंभरावर दीडशेऐवजी एकशेवीस मिळू लागले की कसिनोचा फायदा आणखी सव्वा ते दीड टक्क्याने वाढतो आणि तक्ता घोकून वाचवलेले बरेचसे तिथेच वाहून जाते. असे टेबल सोडून उठावे.

एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने त्या चौघांचे डावपेच चिठ्ठीवर उतरवून १९५८च्या नाताळात लास वेगास गाठले आणि दहा डॉलरांपैकी साडेआठ घालवले. तक्ता चुकला नव्हता. तासाला साठ डाव, प्रत्येकी पाचशे रुपये असा हिशेब धरला तर तीस हजारांच्या उलाढालीवर अर्धा टक्का म्हणजे दीडशे रुपये अपेक्षित तोटा. पण नशिबाचे हेलकावे सहज चार-साडेचार हजारांचे असतात, वरही आणि खालीही. थॉर्पने पुढे वाटून झालेली पाने ध्यानात ठेवून पैज कमीजास्त करण्याची पद्धत आयबीएम ७०४ या संगणकावर बसवली आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ लिहिले. तो वेगळा, अवघड अभ्यास. तक्ता तोंडपाठ झाल्याशिवाय त्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

पाठांतरासाठी एक कॅट पुरतो, पैसे लागत नाहीत. डीलरचे पान म्हणून समोर राजा ठेवून द्यावा, कारण दहाचे पानच सर्वांत जास्त वेळा दिसते. मग दोन-दोन पाने उलटत जावे आणि उत्तर मोठ्याने म्हणावे. नंतर राजाच्या जागी छक्की, मग सत्ती, शेवटी दुर्री. सोळावर पान घेताना हात अडखळायचा थांबला, की पुढच्या पानाकडे वळावे.