फाइल-समकालन स्थितिदर्शन

फाइल-समकालन स्थितिदर्शन : एकाच फाइलीच्या निरनिराळ्या संगणकांवरील प्रती एकरूप ठेवण्याच्या क्रियेस समकालन म्हणतात. ही क्रिया पूर्ण झाली, चालू आहे की अडली आहे, हे फाइलसूचीतच प्रत्येक फाइलीच्या चित्रखुणेवर लहान चिन्ह बसवून दाखविण्याच्या पद्धतीस स्थितिदर्शन ही संज्ञा आहे. सामान्यतः बरोबरची खूण ‘पूर्ण’, वर्तुळाकार बाण ‘चालू’ व फुली ‘अडथळा’ असा अर्थ सुचवितात. ढगाचे चिन्ह असल्यास फाइलीचे केवळ नाव संगणकावर असून मजकूर दूरच्या सेवासंगणकावर असतो.

कार्यपद्धती : समकालन करणारा कार्यक्रम पार्श्वभूमीवर चालतो व फोल्डरातील बदल टिपतो. फाइलसूची उघडली की तिला जोडलेला लहान पूरक कार्यक्रम त्याच्याकडून प्रत्येक फाइलीची स्थिती विचारून घेतो. उत्तरास विलंब झाल्यास सूचीची खिडकीच अडकून पडण्याचा संभव असतो. विंडोज प्रणालीत अशा चिन्हांसाठी जेमतेम १५ जागा असतात. त्यामुळे एकापेक्षा अधिक समकालन-कार्यक्रम बसविल्यास काहींची चिन्हे दिसत नाहीत. मॅक प्रणालीत २०१४ पासून, तर विंडोज १० मध्ये २०१७ पासून याकरिता स्वतंत्र सोय झाली.

मराठी नावे : युनिकोड-लेखनाच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, म्हणजे काना, मात्रा व वेलांटी यांसही, तीन बाइट लागतात. उदा., ‘लोणी काळभोर’ हे नाव मधल्या रिकाम्या जागेसह ३१ बाइटांचे होते. लिनक्सच्या एक्स्ट-४ रचनेत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरी ८५ चिन्हे, एवढीच आहे. विंडोजमध्ये मात्र ती २५५ चिन्हांपर्यंत जाते. त्यामुळे विंडोजवरील लांब मराठी नावाची फाइल लिनक्स संगणकावर उतरत नाही व फुली दिसते. याहून फसवा प्रकार ‘ऱ’ या अक्षराचा होय. ते एकच चिन्ह म्हणून अथवा र व नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस रचनेत (१९९८) दुसरे रूप साठविले जाई, तर लिनक्स ही दोन रूपे भिन्न नावे मानते. परिणामी ‘कऱ्हाड’ या एकाच नावाच्या दोन फाइली सूचीत शेजारीशेजारी व दोन्ही बरोबरच्या खुणेसह दिसू शकतात.

मर्यादा : बरोबरची खूण प्रती एकरूप असल्याचे सांगते, मजकूर अचूक वा सुरक्षित असल्याचे नव्हे. चुकून पुसलेली फाइल समकालनामुळे सर्वच संगणकांवरून नाहीशी होते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची समकालनाबाहेरील स्वतंत्र प्रत ठेवणे आवश्यक असते.